मोझेलच्या उभ्या उतारांवरील कौटुंबिक वाइनरी आणि त्यांची रिस्लिंग

धागालेखन: रानवेल

फ्रान्समधील व्होझ पर्वतात उगम पावणारी मोझेल नदी लक्झेंबर्गच्या सीमेवरून जर्मनीत शिरते आणि कोब्लेन्झ येथे ऱ्हाइनला मिळते. ट्रिअर ते कोब्लेन्झ या टप्प्यात ती एवढी वळणे घेते, की सरळ रेषेतील अंतराच्या जवळजवळ दुप्पट वाट तिला कापावी लागते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला तिने डोंगर असा कोरून काढला आहे, की तिथल्या उतारांवर माणसाला धड उभेही राहता येत नाही. यांपैकी ज्या उतारांचे तोंड दक्षिणेकडे आहे, नेमक्या त्यांच्यावरच या खोऱ्यातील सर्वोत्तम द्राक्षे पिकतात. हे मळे पिढ्यान्‌पिढ्या कसणारी कुटुंबे आणि त्यांची रिस्लिंग, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षजातीची पांढरी वाइन, हा या धाग्याचा विषय आहे.

जर्मनीत ३० टक्क्यांहून अधिक चढ असलेल्या मळ्याला उभ्या उताराचा मळा मानतात. मोझेलच्या सुमारे ८,५०० हेक्टर द्राक्षक्षेत्रापैकी साधारण ४० टक्के क्षेत्र या वर्गात मोडते. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट काही ठिकाणी ६५ अंशांपर्यंत चढतो आणि युरोपातील सर्वांत उभ्या मळ्यांत त्याची गणना होते. इथे ट्रॅक्टर चढत नाही आणि तोडणीचे यंत्र तर नाहीच नाही. छाटणी, बांधणी, पाने विरळ करणे, तोडणी ही सगळी कामे हातानेच करावी लागतात. सपाट जमिनीवरील यंत्रचलित मळ्याला वर्षभरात जेवढे तास द्यावे लागतात, त्याच्या तिप्पट-चौपट किंवा त्याहूनही अधिक तास हे उतार मागतात. मजुरीचा हिशेब मांडणाऱ्या मोठ्या कंपनीला हे परवडत नाही, आणि म्हणूनच हा उद्योग बहुतांशी घराघरांत राहिला आहे.

त्याला वारसाहक्काचीही बाजू आहे. नेपोलियनच्या काळात ऱ्हाइनच्या डाव्या तीरावर फ्रेंच कायदा लागू झाला आणि जमीन सर्व मुलांत सारखी वाटण्याची रीत तिथे पक्की झाली. प्रत्येक पिढीत वाटणी होत गेल्याने एकाच नामांकित उतारावर डझनावारी कुटुंबांचे चिंचोळे तुकडे तयार झाले, तर एकेका कुटुंबाची जमीन चार-पाच गावांच्या शिवारांत विखुरली. वेलेन गावासमोरच्या मळ्यात मोठी सूर्यघडी आहे. योडोकुस प्र्युम यांनी १८४२ मध्ये ती बांधली आणि त्या मळ्याला ‘वेलेनर झोननऊर’ हे नाव मिळाले. १९११ मध्ये प्र्युम घराण्याच्या वाटण्या झाल्या आणि त्यांतूनच योहान योझेफ प्र्युम यांची आज जगभर ओळखली जाणारी वाइनरी उभी राहिली. त्या एकाच उतारावर आजही अनेक घरे आपापली वाइन करतात. ती शेजारी शेजारी ठेवून चाखली, तर माती, ऊन आणि जात एक असूनही प्रत्येक घराचा हात ओळखू येतो.

मला असे मनापासून वाटते, की मोझेलच्या वाइनविषयी बोलताना तिची चव आणि ती करणाऱ्या कुटुंबाचे श्रम यांची फारकत करता येत नाही. ज्यांना या भागाची, द्राक्षशेतीची किंवा या वाइनची माहिती आहे, त्यांनी जरूर लिहावे.


प्रतिसाद: अक्षांश

लेख आवडला. मात्र एवढे कष्ट उपसून लोक उतारावरच का लावतात, हा प्रश्न नवख्या वाचकाच्या मनात येईल, म्हणून त्यामागचे साधे भौतिकशास्त्र मांडतो.

हे खोरे सुमारे ५० अंश उत्तर अक्षांशावर आहे. सप्टेंबरच्या अखेरीस, म्हणजे द्राक्ष पिकण्याच्या अगदी मोक्याच्या आठवड्यांत, भर दुपारी सूर्य तिथे क्षितिजापासून जेमतेम ४० अंश वर येतो. अशा तिरप्या उन्हाची ६४ टक्केच तीव्रता सपाट जमिनीला मिळते. तेच ऊन दक्षिणेकडे तोंड असलेल्या ३० अंशांच्या उतारावर पडले, तर ९४ टक्के तीव्रता पदरात पडते. ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य आणखी खाली जातो आणि तेव्हा ४० अंशांच्या उताराला सपाट जमिनीच्या जवळपास पावणेदोनपट ऊन मिळते. रिस्लिंग ही उशिरा पिकणारी जात असल्यामुळे शरदातील या शेवटच्या उन्हावरच तिचे सगळे भवितव्य ठरते. सपाटीवर, थंड वर्षी, ती आंबटच राहून गेली असती.

दुसरी गोष्ट दगडाची. हे डोंगर सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या डेव्होनियन काळातील स्लेटचे, म्हणजे आपल्याकडे लिहायच्या पाटीसाठी वापरत त्याच दगडाचे आहेत. तो गडद रंगाचा असल्याने दिवसा तापतो आणि रात्री ती ऊब वेलींच्या बुंध्यापाशी सोडत राहतो. पावसाचे पाणी त्याच्या कपच्यांमधून लगेच निचरते आणि मुळांना ओलाव्यासाठी भेगांतून खोल जावे लागते. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीने युरोपातील द्राक्षशेती उद्ध्वस्त केली आणि बहुतेक ठिकाणी अमेरिकी खुंटावर कलमे करावी लागली. स्लेटच्या कपच्यांत मात्र ती कीड फारशी तग धरत नाही. त्यामुळे मोझेलमध्ये स्वतःच्याच मुळांवर उभ्या असलेल्या जुन्या वेली अजूनही काही उतारांवर आढळतात.

नदीमुळेही तापमानाचे टोक बोथट होते. तरीही हे संरक्षण पुरेसे ठरतेच असे नाही. एप्रिल २०२४ मधील कडाक्याच्या थंडीने मोझेलच्या खोऱ्यात, विशेषतः झार आणि रूवर या उपनद्यांच्या काठी, नुकतेच फुटलेले कोंब जाळून टाकले होते.


प्रतिसाद: पिंपळपान

चर्चा माहितीपूर्ण आहे, पण दोन शंका विचारल्यावाचून राहवत नाही.

पहिली अशी, की मोझेलच्या वाइनला स्लेटची चव असते असे सर्रास लिहिले जाते. दगड पाण्यात विरघळत नाही, त्याला स्वतःची चव नाही, आणि वेल मुळांतून जे खनिज शोषते त्याचे प्रमाण जिभेला कळण्याइतके नसते. मग ही चव कोठून येते? दुसरी शंका गोडव्याविषयी आहे. या भागातील अनेक वाइन गोडसर असतात. साखर ठेवून वाइनचे दोष झाकले जातात, असा समज व्यापक आहे. त्यात तथ्य आहे का?


प्रतिसाद: रानवेल

पिंपळपान यांच्या दोन्ही शंका रास्त आहेत.

स्लेट विरघळून पेल्यात उतरत नाही, हे अगदी मान्य. दगडाचा परिणाम होतो तो आडवळणाने: तो किती तापतो, पाणी किती धरतो, मुळांना किती अन्न मिळू देतो, मणी केवढा होतो आणि आम्लता किती टिकते, या सगळ्यातून. तरीही हा परिणाम काल्पनिक नाही. प्युंडेरिश गावातील क्लेमेन्स बुश यांच्या कुटुंबाचे उदाहरण मला फार बोलके वाटते. गावासमोरच्या मारिएनबुर्ग या डोंगरावर निळी, करडी आणि तांबडी अशी तिन्ही रंगांची स्लेट आहे. हे कुटुंब ‘फारलाय’ निळ्या स्लेटवरून, ‘फाल्कनलाय’ करड्या स्लेटवरून आणि ‘रोटेनफाड’ तांबड्या स्लेटवरून, अशा तीन वाइन वेगवेगळ्या करते. जात एक, तळघर एक, करणारे हात एकच, तरी तिन्हींची ठेवण निराळी लागते. यात उताराची दिशा आणि उंची यांचाही वाटा असणारच. सगळे श्रेय दगडाच्या रंगाला द्यावे असे मी म्हणणार नाही. पण तुकडा बदलला की वाइन बदलते, एवढे तिथे स्पष्ट कळते.

आता गोडवा. मोझेलच्या परंपरेत साखर बाहेरून गोडी आणण्यासाठी नसून आम्लतेला तोलण्यासाठी असते. रिस्लिंगची आम्लता तीव्र असते. थंड तळघरात, बहुधा सुमारे हजार लिटरच्या ‘फुडर’ नावाच्या जुन्या लाकडी पिंपात, रस संथपणे आंबत राहतो. पूर्वी हिवाळ्याच्या गारठ्याने यीस्ट मंदावून किण्वन आपोआप थांबे आणि द्राक्षाची थोडी मूळ साखर मागे उरे. आज रस थंड करून आणि गाळून ते नेमक्या क्षणी थांबवतात. सगळी साखर दारूत बदलू दिलेली नसल्यामुळे ‘काबिनेट’ या सर्वांत हलक्या प्रकारच्या वाइनमध्ये अल्कोहोल अनेकदा आठ-नऊ टक्केच असते. लिटरमागे चाळीस ग्रॅम साखर असूनही चांगली काबिनेट तोंडात चिकट लागत नाही, कारण घोट संपताना आम्लता तोंड स्वच्छ करते. दोष झाकण्यासाठी साखर वापरणारी स्वस्त वाइन बाजारात होती आणि तिने मोझेलचे नाव बरेच खराब केले, हेही खरेच. ती मुख्यतः सपाट जमिनीवरच्या, भरमसाट पीक देणाऱ्या म्युलर-थुर्गाऊसारख्या जातींची असे. १९७१ च्या वाइन कायद्याने मोठमोठ्या क्षेत्रांना नामांकित मळ्यांसारखी नावे लावायची मुभा दिली आणि ग्राहकाला डोंगर कोणता नि सपाटी कोणती हे लेबलवरून कळेनासे झाले. माझ्या मते उतारावरच्या कुटुंबांचे त्या कायद्याने केलेले हे सर्वांत मोठे नुकसान आहे.

त्याच कायद्याने दर्जाच्या पायऱ्या तोडणीच्या वेळी रसात असलेल्या साखरेवरून ठरवल्या. ही साखर ‘उक्सले’ अंशांत मोजतात. मोझेलच्या रिस्लिंगला ‘श्पेटलेझ’ म्हणवून घेण्यासाठी किमान ७६ अंश लागतात, ‘बेरेनआउसलेझ’साठी ११०, तर ‘ट्रॉकनबेरेनआउसलेझ’साठी १५०. ही शेवटची पायरी म्हणजे बॉट्रायटिस या बुरशीने सुकवून मनुक्यासारखे केलेले मणी एकेक वेचून केलेली वाइन. झारकाठच्या शार्झहोफबेर्ग या डोंगरावरील एगोन म्युलर यांच्या घराण्याची ट्रॉकनबेरेनआउसलेझ जगातील सर्वांत महाग शुभ्र वाइनमध्ये मोडते. त्यांच्या पूर्वजांनी १७९७ मध्ये मठाची ही मालमत्ता विकत घेतली आणि तेव्हापासून ती घरातच आहे. ‘आइसवाइन’साठी द्राक्षे वेलीवरच उणे ७ अंश सेल्सिअस किंवा त्याहून खाली गोठावी लागतात, आणि अलीकडच्या उबदार हिवाळ्यांत हे दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालले आहे.


प्रतिसाद: नदीकाठ

मी याच खोऱ्यात राहते. शेजारच्या एका कुटुंबाच्या मळ्यात मदतीला जाते, त्यामुळे रानवेल यांनी उल्लेख केलेल्या हाताच्या कामांपैकी मला सर्वांत सुंदर वाटणारे एक काम थोडे तपशिलात सांगते.

उभ्या उतारावर प्रत्येक वेलीला स्वतंत्र खांब असतो. सपाटीवर तारा ताणून ओळी करतात. उतारावर तसे केले, तर माणसाला आडवे जाता येत नाही. सुटा खांब असला की वेलीच्या चारी बाजूंनी फिरता येते आणि घसरू लागल्यास धरायला आधारही मिळतो. हिवाळ्यात छाटणी करून दोन काड्या राखतात. वसंताच्या तोंडावर, हवेत ओलावा असलेला दिवस पाहून, त्या काड्या वाकवून खांबाला बांधतात. कोरड्या हवेत काडी कडकन मोडते. दमट हवेत ती बोटांखाली हळूहळू नमते. अंगठ्याने मधला सांधा दाबत दाबत एक काडी उजवीकडून आणि दुसरी डावीकडून खाली आणतात आणि टोके बुंध्याशी बांधतात. बांधून झालेली वेल बदामाच्या आकाराची दिसते. असे केल्याने रस टोकाकडे धावत नाही आणि काडीवरचे डोळे सारखे फुटतात. पूर्वी बांधायला विलो झाडाच्या ओल्या फांद्या वापरत. आमच्या शेजारच्या आजी अजूनही त्याच वापरतात, आणि त्यांची गाठ मला कधी साधलेली नाही, इतकी ती चपळ असते.

दुसरे काम गडग्यांचे. उतार जिथे फारच उभा आहे, तिथे चुना-सिमेंट न वापरता स्लेटचे दगड एकमेकांत बसवून भिंती रचलेल्या आहेत. पावसाळी हिवाळ्यानंतर कोठे ना कोठे भिंत फुगते किंवा ढासळते. गवंडी बोलावून बांधून घ्यायची तर खर्च आवाक्याबाहेर जातो, म्हणून घरातलीच माणसे ती रचायला शिकतात. या भिंतींच्या फटींत सरडे राहतात आणि त्यांच्यावर वाढणाऱ्या पांढऱ्या सेडम या वनस्पतीवर मोझेल अपोलो या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. ही उपजाती फक्त याच खोऱ्याच्या खालच्या भागात आढळते. मळा पडीक पडला की झुडपे वाढतात, भिंतीवर सावली येते, सेडम मरते आणि फुलपाखरूही जाते.

एक सुधारणा मात्र मनापासून स्वागतार्ह आहे. एका दातेरी रुळावरून चालणारी छोटी मोनोरॅक गाडी आता अनेक उतारांवर बसवली आहे. तोडणीच्या वेळी द्राक्षांनी भरलेले उंच पिंप पाठीवर घेऊन उतरणे फार धोक्याचे होते. गाडीमुळे निदान ते ओझे कमी झाले आहे.


प्रतिसाद: पिंपळपान

वर्णन वाचून आदर वाटला. पण आता जरा कठोर प्रश्न विचारतो. एवढे श्रम, एवढा धोका आणि बाटलीमागे उरणारे मोजके पैसे पाहता पुढची पिढी हे करणार तरी का? जो व्यवसाय केवळ घरच्या बिनपगारी श्रमांवर तगतो, तो टिकवण्याचा आग्रह धरणे त्या मुलांवर अन्याय नाही का? काही उतार रानाला परत दिले, तर बिघडले कोठे?


प्रतिसाद: अक्षांश

हा प्रश्न तिथेही तितक्याच गांभीर्याने विचारला जातो. १९९० च्या सुमारास मोझेलमध्ये १२,००० हेक्टरांहून अधिक क्षेत्र द्राक्षाखाली होते. ते आज सुमारे ८,५०० वर आले आहे. म्हणजे उत्तर बऱ्याच जणांनी आपल्या पायांनी दिले आहे. सावलीतले, उत्तरेकडे तोंड असलेले तुकडे गेले, त्याबद्दल हळहळ नको. दुर्दैव असे, की पहिल्यांदा पडीक पडले ते अनेकदा सर्वांत उभे, म्हणजेच सर्वांत चांगले तुकडे.

त्यावर दोन-तीन मार्ग निघाले आहेत. काही कुटुंबांनी उतारावर आडव्या पायऱ्या काढून अरुंद यंत्र जाईल एवढी वाट केली आहे. त्यात हेक्टरी वेली कमी बसतात, पण श्रम लक्षणीय घटतात आणि पावसाने माती वाहून जाणेही कमी होते. औषध फवारणीसाठी आजवर हेलिकॉप्टर वापरत, आता ड्रोन येत आहेत. तरुण पिढीचे म्हणाल, तर ब्रेम गावातील फ्रान्झेन कुटुंबाने काल्मोंटवरचे पडीक तुकडे पुन्हा लागवडीखाली आणले आणि आज त्या घराची पुढची पिढी तिथली वाइन स्वतःच्या नावाने विकते. हे बिनपगारी श्रमांवरचे जगणे नव्हे. डोंगराचे नाव बाटलीवर लागले आणि त्या नावाला किंमत आली, म्हणून ते शक्य झाले.


प्रतिसाद: नदीकाठ

पिंपळपान यांच्या प्रश्नातील मुलांविषयीची काळजी मला पटते. आमच्या गावातही दोन घरांतील मुले शहरात गेली आणि कोणी त्यांना दोष दिला नाही. मात्र जी राहिली, ती नाइलाजाने राहिली असे मुळीच नाही. त्यांतील बहुतेकांनी गायझेनहाइमसारख्या ठिकाणी द्राक्षशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले आहे, परदेशांतील वाइनरींत काम केले आहे आणि जाणूनबुजून घरी परतली आहेत. वडील आणि मुलगी यांच्यात किण्वन कधी थांबवायचे यावरून होणारे वाद मी ऐकते. वडिलांना गोडसर श्पेटलेझ प्रिय, मुलीला कोरडी वाइन करायची असते. शेवटी एकाच तुकड्याची दोन पिंपे दोघांच्या मतांप्रमाणे होतात आणि गिऱ्हाईक दोन्ही नेते.

हंगामात काही महिने कुटुंबे घराच्या अंगणात किंवा तळघरात स्वतःची वाइन पेल्याने विकतात, अशा जागेला ‘श्ट्राउसविर्टशाफ्ट’ म्हणतात. कायद्याने वर्षातून फार तर चार महिने आणि जास्तीत जास्त चाळीस आसने एवढीच परवानगी असते. दारावर पानांची डहाळी किंवा हार टांगला की ती चालू आहे असे समजावे. मधला व्यापारी नसल्याने या विक्रीचा पैसा पूर्ण घरात येतो, आणि लहान वाइनरीच्या ताळेबंदात त्याला मोठे महत्त्व आहे.


प्रतिसाद: पिंपळपान

दोन्ही उत्तरांनी माझे मत बऱ्याच अंशी बदलले. आता एक व्यावहारिक विचारणा करतो. दुकानात मोझेलची बाटली हाती आली, तर ती उतारावरच्या कुटुंबाची आहे की कुठून तरी रस विकत घेऊन भरलेली आहे, हे कसे ओळखावे?


प्रतिसाद: रानवेल

लेबलवर ‘गुट्सआबफ्युलुंग’ हा शब्द शोधावा. स्वतःच्या मळ्यातील द्राक्षांपासून स्वतःच्या वाइनरीत केलेली आणि तिथेच भरलेली वाइन असेल, तरच तो लिहिता येतो. ‘एर्त्सॉयगरआबफ्युलुंग’ हा शब्द सहकारी संस्थाही वापरू शकतात. त्यांची वाइन वाईट असते असे नाही, पण ती एका घराची नसते. नुसता ‘आबफ्युलर’ असेल, तर भरणारा केवळ भरणाराच असण्याची शक्यता धरावी. गरुडाच्या पोटावर द्राक्षाचा घड असे चिन्ह बाटलीच्या टोपणावर दिसले, तर ती वाइनरी १९१० मध्ये स्थापन झालेल्या ‘फाउ-डे-पे’ या उत्पादक संघाची सदस्य आहे. त्या संघाने २०१२ पासून चार पायऱ्यांची वर्गवारी ठेवली असून सर्वांत वरच्या मळ्यांना ‘ग्रोसे लागे’ म्हणतात. मात्र अनेक उत्तम कुटुंबे या संघाबाहेर आहेत, त्यामुळे चिन्ह नसलेली बाटली बाजूला सारू नये.

त्यानंतर अल्कोहोलचा आकडा पाहावा. साडेसात-आठ टक्के असेल तर वाइन गोडसर असणार, बारा-साडेबारा असेल तर बहुतेक कोरडी. ‘ट्रॉकन’ म्हणजे कोरडी. तिच्यात लिटरमागे जास्तीत जास्त नऊ ग्रॅम साखर चालते. ‘फाइनहेर्ब’ हा शब्द मधल्या चवीसाठी वापरतात आणि त्याला कायद्याची नेमकी मर्यादा नाही, म्हणून तिथे त्या घराच्या हातावर विश्वास ठेवावा लागतो.

प्रथमच घेणाऱ्यांनी माझ्या मते एखाद्या घराची साधी काबिनेट घ्यावी, अधिक पिकल्या द्राक्षांच्या महागड्या ‘आउसलेझ’कडे वळू नये. काबिनेट करताना साखर फार वाढण्याआधी, पण चव पुरती भरल्यावर द्राक्ष तोडावे लागते. तापमान वाढत चालल्याने हा काळ आता फारच थोडा मिळतो. एखादे कुटुंब आपल्या उताराला किती ओळखते, याची खरी परीक्षा तिथेच होते. एक बाटली आता उघडावी आणि एक अंधाऱ्या, थंड जागी दहा वर्षे ठेवावी. तरुणपणी हिरव्या सफरचंदासारखी आणि लिंबासारखी लागणारी ही वाइन मुरल्यावर मध, जर्दाळू आणि किंचित रॉकेलसारख्या गंधाची होते. हा गंध पहिल्यांदा आला, तर वाइन बिघडली असे समजून ती ओतून देऊ नका. मुरलेल्या रिस्लिंगची ती नेहमीची खूण आहे.